बाण काढून वारा येत नाही

महाराष्ट्रातील वास्तुकला महाविद्यालयांचे प्राचार्य, अध्यापक आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण मला जुरीला, म्हणजे विद्यार्थ्यांची डिझाइन्स तपासायला, बोलावता. मीही येते, कारण मुलांचं काम बघायला आवडतं आणि लातूरहून पुण्या-मुंबईला जायला काहीतरी निमित्त लागतंच. शीट्स सुरेख असतात. विषय बस स्टँडचा असो की संग्रहालयाचा, गेली काही वर्षं प्रत्येक शीटवर एक सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारं चित्र, असतो आणि त्या सेक्शनमध्ये बाण असतात. निळा बाण खिडकीतून आत शिरतो, खोलीत वळसे घेत वर चढतो, चढता चढता लाल होतो आणि छताजवळच्या झडपेतून बाहेर पडतो. शेजारी लिहिलेलं असतं, ‘नैसर्गिक वायुवीजन’.

मी विचारते, प्रकल्प कुठे आहे? सोलापूरला. मग हा निळा वारा मे महिन्यात दुपारी दोन वाजता किती अंशांचा असेल? विद्यार्थी गाइडकडे बघतो, गाइड माझ्याकडे. सोलापूरला अशा दुपारी बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. म्हणजे त्या पोराने खोलीत गरम झोत सोडलाय आणि त्याला रंग निळा दिलाय. आमच्याकडे उन्हाळ्यात लोक सकाळी नऊ-दहालाच दारं-खिडक्या लोटून घेतात आणि दिवस कलल्यावर उघडतात. हवा कधी आत घ्यायची आणि कधी बाहेर ठेवायची, हा इथला खरा प्रश्न आहे आणि बाणांना घड्याळ नसतं. पोराला तरीही गुण मिळतात. तेही मी समजू शकते, कारण टेबलाच्या या बाजूला बसलेल्या आमच्यापैकी फार थोड्यांनी खोलीतलं तापमान कधी मोजलेलं असतं.

या पत्राचं कारण तेवढंच आहे. हवामानाला तोंड देणाऱ्या बांधकामावर आपल्या देशात चांगलं संशोधन झालंय, चांगले प्राध्यापक त्यात आयुष्यभर खपलेत. पण ते सगळं जुरीच्या टेबलापर्यंत येत नाही आणि सगळ्यांत लहान घरापर्यंत तर नाहीच नाही. हे दोन्ही बदलणं तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहिते. मंत्रालयाला लिहिणारे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे हवामान शिकवायला सुरुवात कशी होते ते आठवून पाहा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला क्लायमेटॉलॉजीचा पेपर. हवामान खात्याकडून शहराचे आकडे घ्यायचे आणि महोनी तक्ते भरायचे. महिन्याचं कमाल, किमान, आर्द्रता, पाऊस भरला की तक्ता सांगतो: भिंती जाड ठेवा, दारं-खिडक्या लहान ठेवा, रात्री बाहेर झोपायची सोय करा. तक्ते कार्ल महोनी यांच्या नावाने ओळखले जातात, पण त्यांच्यामागे ओटो कोनिग्सबर्गर हे शिक्षक होते. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या (एए) स्कूलमध्ये १९५४ साली उष्ण कटिबंधातल्या वास्तुकलेचा विभाग सुरू झाला, तो पुढे त्यांनी घडवला. त्याआधी ते आपल्याकडेच होते. १९३९ पासून म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद, स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक. फाळणीनंतर निर्वासितांसाठी कारखान्यात घरांचे तुकडे पाडायचे आणि जागेवर जोडायचे, अशी योजना दिल्लीत जंगपुऱ्याला उभी राहिली. ती फसली. १९५१ साली ते लंडनला गेले आणि पुढची कित्येक वर्षं जगभरातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी उष्ण प्रदेशात घर कसं बांधावं ते शिकवलं. त्यांच्या तक्त्यांतला अनुभव असा बराचसा भारतातला आहे. आपण मात्र ते तक्ते भरतो, परीक्षा देतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या डिझाइनमध्ये पश्चिमेला काचेची भिंत लावतो. तो पेपर तर पास झालेला असतो!

त्या तक्त्यांना एक मर्यादाही आहे आणि ती वर्गात कुणी सांगत नाही. हवामान खात्याचा आकडा म्हणजे झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेल्या तापमापीचा आकडा. पत्र्याखालच्या खोलीत ती पेटी नसते. लातूर चाळीस अंश म्हणतं तेव्हा औसा रोडवरच्या पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय असतं, याची नोंद कुठल्याही कार्यालयात सापडणार नाही.

हवा मोजूनही ते नीट कळत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकराला हात लावला तरी गरम लागतो. खाटेवर पडलेल्या माणसाला तो वरून उष्णतेच्या किरणांनी भाजत असतो आणि भिंतीवरची तापमापी निवांत चौतीस दाखवते. हे पकडायला काळ्या गोळ्यातला तापमापक लागतो. बाजारातला महाग असतो. पण जगभरचे संशोधक टेबल टेनिसचा चेंडू काळा मॅट रंगवून, त्याला भोक पाडून आत सेन्सर बसवतात आणि काम भागवतात. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, तो या कामाला पुरतो. एका रेंडरच्या, म्हणजे संगणकावर रंगवलेल्या चित्राच्या, प्रिंटला जेवढे पैसे जातात तेवढ्यात असे कितीतरी गोळे होतील.

मोजलं की काय घडतं त्याचं उदाहरण शेजारच्याच राज्यात आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातले प्राध्यापक राजन रावळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हवामानांतल्या पाच शहरांत १६ कार्यालयीन इमारती निवडल्या. वेगवेगळ्या ऋतूंत तिथे जाऊन बसले, उपकरणं लावली आणि काम करणाऱ्यांना विचारलं: आत्ता कसं वाटतंय? सहा हजारांवर उत्तरं जमली, नेमकी ६,३३०. त्यांतून निघालं की खिडक्या उघडणाऱ्या इमारतीतला भारतीय माणूस बाहेरच्या ऋतूबरोबर स्वतःला जुळवून घेतो. बाहेरचं सरासरी तापमान एक अंशाने वाढलं तर त्याला बरं वाटणारं आतलं तापमान साधारण अर्ध्या अंशाने वर सरकतं. परदेशी मानकं आपल्याला वर्षभर ज्या अरुंद पट्ट्यात बसवू पाहतात तेवढ्या थंडाव्याची गरजच नाही. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे प्रारूप आलं. पुढे घरांसाठीही तसाच अभ्यास झाला. एका प्राध्यापकाच्या गटाने, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, खुर्चीत बसलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारला आणि देशाची संहिता हलली. मला याहून उत्तम वास्तुकलेचं शिक्षण माहीत नाही. आपल्याकडे किती महाविद्यालयांत हे शिकवलं जातं? ‘अडॅप्टिव्ह कम्फर्ट’ हा शब्द व्हायव्हात येतो खरा, पण सेप्टचे आकडे माहीत असलेला विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

आता लहान घराकडे येते.

घरांच्या उष्णतेसाठी देशात २०१८ साली इको निवास संहिता आली. छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची त्याची मर्यादा तिच्यात आकड्यात दिलीय: दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या दर अंशाला १.२ वॉट. उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा याच्या साधारण तिप्पट निघतो. संहिता चांगली आहे. फक्त ती आली ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांसाठी.

आणि घरकुल असतं २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. गावात सगळे २६९ चौरस फूट म्हणतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात; राज्याने त्यात नंतर भर घातली, रोजगार हमीतून मजुरी मिळते, शौचालयाचे वेगळे. एवढ्यात चार भिंती आणि वर स्लॅब किंवा पत्रा होतो. नकाशा बहुतेक वेळा गवंडीच काढतो, तोही फरशीवर खडूने. संहितेच्या हिशेबात हे घर नाही, आर्किटेक्टच्या फीच्या हिशेबात नाही, आणि तुमच्या डिझाइन स्टुडिओतही ते दिसत नाही. तिथे ‘अफोर्डेबल हाउसिंग’ असतं, पण ते ठाण्याला खाडीकिनारी सात मजल्यांचं असतं.

माझं म्हणणं असं की हवामानावरचं सगळ्यांत अवघड, सगळ्यांत रंजक डिझाइन या २५ चौरस मीटरांत दडलंय. मराठवाड्यात तर ते इतिहासासकट दडलंय, आणि इथे मला जरा थांबून सांगावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा भाग हादरला. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२च्या आसपास, म्हणजे जपानमध्ये बातमी होईल पण बहुधा गावं उद्ध्वस्त होणार नाहीत अशी. इथे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, कारण घरं. बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये चिपा आणि माती, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच्या, आणि त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्यात गळती बुजवायला नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यानपिढ्या चालल्यामुळे थर अर्धा मीटर आणि त्याहूनही जाड झालेला.

हिशेब मांडून बघा, वर्गातही मांडा. २५ चौरस मीटरवर अर्धा मीटर माती म्हणजे साडेबारा घनमीटर. घनमीटरला १६०० किलो धरले तर वीस टन. झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर वीस टन! त्याच मापाचा दहा सेंटिमीटरचा काँक्रीट स्लॅब सव्वासहा टनांचा होतो.

पण हीच माती दुपारचं ऊन पहाटेपर्यंत आत येऊ देत नव्हती. माळवदाखाली मे महिन्यात दुपारी झोप लागायची, हे सांगणारी माणसं अजून आहेत. काँक्रीटचा स्लॅब दुपारचं ऊन काही तासांतच खाली पोचवतो, आणि जेवणं आटोपून अंथरुणं पडतात तेव्हाही तो तापलेलाच असतो. पत्रा तेवढीही वाट बघत नाही. तो दिवसा भाजतो, निदान रात्री लवकर निवतो तरी. जे छत थंड ठेवत होतं त्यानेच मारलं, आणि जे मारणार नाही अशा भरवशाने लोकांनी घेतलं ते तीस वर्षं भाजतंय. वास्तुकलेत याहून सरळ मांडलेला प्रश्न मला दाखवा. हलकं आणि तरीही उष्णतेला अडवणारं, भूकंपात न पडणारं, दीड-दोन लाखांत होणारं, गावच्या गवंड्याला जमणारं छत.

या प्रश्नाची निम्मी उत्तरं किल्लारीच्या ढिगाऱ्यातच मिळाली होती. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांबांवर तोललेला होता, त्यांत अनेक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या आणि माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. म्हणजे खणांचा सांगाडा चांगला, दगडी भिंत वाईट बांधलेली, माती प्रमाणाबाहेर जाड. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सुधारता येतात. योगायोग असा की मातीची घरं भूकंपात कशी टिकवावीत यासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२७, आणि कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठीचं आयएस १३८२८, ही दोन्ही १९९३चीच आहेत. आरपार दगड कुठे घालायचा, कोपरा कसा बांधायचा, दार-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीवर पट्टा कसा फिरवायचा, सगळं चित्रांसकट आहे. त्या वेळच्या नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून ते इथे कुणी वाचलं नसतं हेही खरं.

मग पुनर्वसन झालं. पन्नासएक गावं नव्या जागी गेली, रुंद रस्ते, आखीव चौकटी, काँक्रीट आणि ब्लॉकची घरं. प्राण वाचवायचे होते, त्या घाईला मी नावं ठेवणार नाही. पण दगडाची आणि मातीची जी धास्ती बसली ती भूकंपग्रस्त गावांपुरती राहिली नाही; आसपासच्या जिल्ह्यांत माळवद म्हणजे मरण असं समीकरण पक्कं झालं. त्या भीतीला पुरेसं उत्तर मिळालं नाही. रोहित जिज्ञासू या वास्तुविशारदाने नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात २००२ साली पीएचडी केली, ती मराठवाडा आणि नेपाळमधल्या गावांच्या घरांवर. स्थानिक ज्ञान आणि क्षमता यांचं आपत्तीआधी आणि पुनर्वसनानंतर काय होतं, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ते जपानमध्ये क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात प्राध्यापक झाले. आमच्या गावांचा अभ्यास ट्रॉन्डहाइममध्ये झाला, अभ्यासक क्योतोत शिकवायला गेला. तुमच्या स्टडी टूर केरळला जातात, ऑरोव्हिलला जातात, चंडीगडला जातात. किल्लारीच्या फाट्यावर उतरलेली एखादी बस मला तरी आठवत नाही.

मातीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ‘शाश्वत’ म्हटलं की आपले विद्यार्थी लगेच माती आणि बांबूकडे धावतात. मुळशी-पानशेतकडे मातीची देखणी फार्महाउस झालीत. शनिवार-रविवारी राहायला छान आहेत. ज्यांच्या आजोबांच्या घराची नक्कल करून ती बांधलीत, त्यांना मात्र स्लॅब हवाय, आणि का हवाय हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हे केंद्र निघालं, ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरायचं म्हणून. तिथे प्रा. के. एस. जगदीश आणि प्रा. बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या विटेवर वर्षानुवर्षं काम केलं. दोघेही अभियंते, वास्तुविशारद नव्हेत. हे आपल्याला जरा टोचायला हरकत नाही. अशा विटेचं मानकही आहे, आयएस १७२५, २०१३ साली सुधारलेलं. विद्यार्थी ही वीट लातूरच्या प्रकल्पात बिनधास्त टाकतात. पण बेंगळुरूची माती लाल, वालुकामय. आमची काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात सिमेंट मिसळून ती वीट होत नाही; तिला चुना लागतो, वाळू किंवा मुरूम मिसळावा लागतो, किंवा दुसरीकडची माती आणावी लागते. प्राध्यापक जगदीशांनी माती आधी तपासा हेच शिकवलं. आपण त्यांची वीट घेतली आणि तपासणी सोडून दिली.

काळ्या मातीवरच्या घरकुलांना भेगा पडतात त्याही हवामानाचाच भाग आहेत. लांब उघडीप आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, असं वरचेवर होऊ लागलं की पायाखालची जमीन पूर्वीपेक्षा जास्त आक्रसते आणि फुगते. यावर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फार पूर्वीच तळाशी फुगवटा असलेल्या पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या खांबाचं, तंत्र बसवलं. आणि २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूरकडे जे पाणी आलं त्यात मातीच्या भिंती बसल्या त्या मातीमुळे कमी आणि जोतं बुटकं असल्यामुळे जास्त. दगडी जोतं गुडघाभर उंच असतं, छपराचा पाखा दोन फूट बाहेर असता, तर त्यांतल्या बऱ्याच उभ्या राहिल्या असत्या असं माझं मत आहे. क्लायमेट रेझिलियन्सच्या तुमच्या परिसंवादांत जोतं हा विषय कधी आला होता का?

छतावर परत येते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांना माहीत आहे. स्लॅबला किंवा पत्र्याला चुना मारा, पांढरं छत ऊन परतवतं. अहमदाबादने २०१० सालच्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, त्यातून पुढे छतं पांढरी करण्याचे कार्यक्रम निघाले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. खोलीतला पारा काही अंशांनी उतरतो, आणि बेचाळीसच्या दिवसांत काही अंश म्हणजे पुष्कळ. मी हे एका गावात उत्साहाने समजावत होते. एक बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, “बरंय ताई, पण मग कुरडया कुठं घालू?”

उन्हाळ्यात स्लॅब म्हणजे वाळवणाची जागा. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, डाळी. रात्री पोरं वर झोपतात. चुना पायाला लागतो, धोतराला लागतो, वाळवणाच्या चादरीला लागतो. शिवाय आमच्या धुळीत पांढरं छत एका हंगामात मळकं होतं आणि निम्मा फायदा जातो. मग फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवायचे का? त्यावर पाय पोळत नाहीत, कुरडया होतात, झाडूने साफ करता येतं. बाळकृष्ण दोशी, पुण्यात जन्मलेले, जेजेत शिकलेले, अहमदाबादला १९६२ साली वास्तुकलेची शाळा काढणारे, यांनी स्वतःच्या ‘संगथ’ या कार्यालयाच्या अर्धगोल छतांवर १९८० साली हेच तुकडे लावले. आपण त्या छतांचे फोटो काढतो. पण घरकुलाच्या स्लॅबवर त्याचा खर्च किती येईल, वजन किती वाढेल, मार्बल-टाइल्सच्या दुकानामागे पडलेला भंगार माल किती मिळेल, याचा हिशेब कुणी विद्यार्थ्याने करून आणला तर मी त्याला पहिला नंबर देईन. त्याने एकही रेंडर केला नाही तरी. पत्र्याखाली हाताच्या अंतरावर बांबूच्या तट्ट्यांचं, मातीने पातळ लिंपलेलं दुसरं छत केलं आणि मधली हवा दोन्ही टोकांना मोकळी ठेवली तर काय फरक पडतो? उंदीर होतात का? विंचू? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, घर त्यांच्यावरच स्वीकारलं किंवा नाकारलं जातं.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, जेवणाच्या सुट्टीत ऐकलेली आहेत. अभ्यासक्रमात जागा नाही. परिषदेचे नियम आहेत. मुलांना मुंबईत नोकरी हवी असते, घरकुल करून पोर्टफोलिओ होत नाही. यांतलं शेवटचं खरं आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण वास्तुकला परिषदेचे २०२०चे विनियम किमान मानकांचे आहेत, त्याहून अधिक करायला कुणी अडवलेलं नाही. आणि जागेचं म्हणाल तर चौथ्या वर्षाच्या एका स्टुडिओचा विषय बदलायला नवा पेपर लागत नाही.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. आपलं शैक्षणिक वर्ष मे महिन्यात घरी जातं. उन्हाळा कसा असतो हे आपण डिसेंबरात शिकवतो, तेही पंखा बंद करून. साइट व्हिजिट जानेवारीत, कारण हवा छान असते. मला वाटतं तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतले पंधरा दिवस कमी करून, प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या जिल्ह्यातल्या निवडक घरांत एप्रिल-मे महिन्यात काळे गोळे आणि तापमापी लावावेत: एक पत्रा, एक स्लॅब, एक चुना मारलेला स्लॅब, आणि जिथे असेल तिथे एक माळवद किंवा कौलारू. कोकणातल्यांनी जांभ्याचं घर घ्यावं, विदर्भातल्यांनी कवेलूचं. विद्यार्थ्याने त्या घरात एक रात्र झोपावं. आकडे सगळ्यांनी एकाच नमुन्यात लिहावेत आणि उघड ठेवावेत, म्हणजे राज्यभराचा तक्ता हळूहळू तयार होईल. सेप्टने सोळा इमारतींवर जे केलं ते आपण सगळे मिळून लहान घरांवर करू शकतो.

दुसरं, गवंड्याला वर्गात आणा आणि त्याला तज्ज्ञ पाहुण्याचं मानधन द्या, चहापाण्याचं नव्हे. ग्रामीण गवंड्यांचं प्रशिक्षण केंद्र सरकारच्या घरकुल योजनेतच आहे. तुमचे विद्यार्थी त्या प्रशिक्षणात जाऊन बसू शकतात, आरपार दगड आणि कोपऱ्याची सळई हाताने घालू शकतात. भूजला भूकंपानंतर हुन्नरशाळा उभी राहिली, तिथे कारागीर आणि वास्तुविशारद एकमेकांकडून शिकतात. आपल्याकडे तीस वर्षांत असं काही झाल्याचं मला माहीत नाही.

आणि जुरी. कृपा करून जुरीच्या कागदावर एक रकाना वाढवा: या इमारतीतल्या एका खोलीचं मे महिन्यातलं दुपारी तीनचं आणि रात्री अकराचं तापमान विद्यार्थ्याने काय काढलं, आणि कसं काढलं. उत्तर चुकलं तरी चालेल. बाणांना मात्र गुण देऊ नका.

येत्या एप्रिलमध्ये औसा आणि निलंगा तालुक्यांत काही घरं या कामासाठी खुली ठेवायला लोक तयार आहेत, त्यांत दोन माळवदं आहेत, अजून राहती. ज्या महाविद्यालयाला यायचं असेल त्यांनी मार्च संपायच्या आत कळवावं. विद्यार्थ्यांची राहायची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत होईल. जेवण गावातच. खोल्यांना पंखे आहेत, वीज असेल तेव्हा चालतात, आणि शाळेवर पत्रा आहे, त्यामुळे मोजणीची सुरुवात तिथूनच करता येईल.

आपली,
लातूर जिल्ह्यात काम करणारी एक वास्तुविशारद